लिनक्सवर २० हजारांत ग्राफिक्स कार्ड: एनव्हिडिया का घेता राव?

कर्नल_कर्वेरोड
सरळ मुद्द्यावर येतो. बजेट २० हजाराच्या आसपास, डेस्कटॉपवर लिनक्स, आणि विंडोज परत टाकायचं नाही असं ठरलं असेल तर एएमडीचं (रेडिऑन) आरएक्स ६६०० घ्या आणि मोकळे व्हा. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, ८ पिनांची एकच केबल. ड्रायव्हर शोधायला कुठे जायचं नाही, एएमडीजीपीयू कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो आणि वरचं सगळं मेसा (खुली ग्राफिक्स लायब्ररी) बघतं, डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार, जसं फेडोरा) फक्त फार जुनाट नको. पण पुण्यात टिळक रोडच्या दुकानात तोंड उघडायच्या आत एनव्हिडियाचा खोका काउंटरवर आलेला असतो, का तर म्हणे "सर सगळे हेच नेतात". अहो सगळे विंडोज वापरतात म्हणून नेतात! त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, दर कर्नल अपडेटला मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) नव्याने बिल्ड होणार, एखाद्या वेळी ते फसलं की काळी स्क्रीन, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल साइन करायची भानगड वेगळीच. लिनक्स लिहिणाऱ्या टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडला भर कार्यक्रमात या कंपनीला मधलं बोट दाखवलं ते काय हौस म्हणून नाही.

रेंडरवाली
ते २०१२ चं बोट अजून किती वर्षं पुरवणार आहात काका? मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या सगळ्या कार्डांना तो चालतो. वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) जे फ्लिकरचं रडगाणं होतं ते २०२४ मध्ये ५५५ ड्रायव्हरला एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम पूर्ण तयार झाल्यावरच दाखवायची सोय) आल्यापासून बरंच मिटलंय. मी घरून ब्लेंडरची (थ्रीडी सॉफ्टवेअर) कामं करते, मला गेमचे एफपीएस नकोत, सायकल्सला (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ऑप्टिक्स (एनव्हिडियाचं रेंडरिंग तंत्र) हवं. रेडिऑनसाठी लिनक्सवर हिप (एएमडीचं त्या जागचं तंत्र) आलं ते ब्लेंडर ३.२ पासून, पण त्याच्यासाठी रॉकएम या एएमडीच्या सॉफ्टवेअरचा पसारा घाला, तो कुठल्या डिस्ट्रोवर सरळ बसतो ते बघा, वर ६६०० त्यांच्या अधिकृत यादीत नाही, म्हणजे काही अडलं तर कंपनी हात वर करायला मोकळी. ही भानगड नाही का? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं घ्या, ७० वॅट, वेगळी केबलसुद्धा लागत नाही.

कर्नल_कर्वेरोड
ताई, ब्लेंडरवर पोट असेल तर घ्या की, कोण अडवतंय. पण इथे विचारणारे दहातले नऊ जण ब्राउझर, कोडिंग, थोडं स्टीम (गेम) एवढंच करणारे. त्यांना ३०५० म्हणजे त्याच पैशात कमी मेमरी आणि हळू कार्ड. आणि सोर्स खुला केला तो फक्त कर्नलमधल्या भागाचा, वरचं ओपनजीएल, व्हल्कन, कुडा (प्रोग्रॅम कार्डाशी ज्यातून बोलतात ते थर) सगळं बंद डब्यातच आहे. कंपनी म्हणाली आता पुरे की पुरे. त्यांच्या जुन्या पास्कल पिढीचं काय झालं बघा, जीटी १०३०, १०५० टीआय, १०६०, या सगळ्यांना ५८० क्रमांकाची ड्रायव्हर शाखा ही शेवटची. त्याच काळातलं एएमडीचं आरएक्स ५८० कार्ड आज नव्या कर्नलवर काही न करता चालतंय.

पेठेतला_पेंग्विन
मुळात कार्ड कशाला? ऑनबोर्डवर यूट्यूब चालतं, टर्मिनल चालतो. २० हजारात रॅम आणि एसएसडी घ्या.

जुनाबाजार_रविवार
पेंग्विनराव, धाग्याचं नाव वाचा आधी 😄

आरएक्स ५८० कार्डाचा विषय निघालाच आहे तर, सेकंडहँड घेणाऱ्यांनी जपून. "८ जीबी, एकदम कंडिशन" म्हणून जी कार्डं फिरतात त्यातली बरीच २०४८एसपी असतात, म्हणजे नावाला ५८० आणि आत ५७० चं काळीज, खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे कोर) असतात. मला एकाने असंच गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो, त्याच्याच मशीनला लावला, एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड मारली, तर नावातच २०४८एसपी आलं स्क्रीनवर. मग भाव आपोआप उतरला. बाकी क्रिप्टो मायनिंगमध्ये घासलेलं कार्ड असेल तर फॅन हाताने फिरवून बघा, बेअरिंग खरखरत असेल तर सोडा.

हिंजवडी_शटल
माझा प्रश्न सांगतो. नवव्या जनरेशनचा आय५, बोर्ड पीसीआयई ३ चं (कार्डाच्या स्लॉटची पिढी), कॅबिनेटबरोबर आलेला लोकल एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्यावर ४५० वॅट छापलंय पण ८ पिनांची केबलच नाही. मॉनिटर साधा १०८०पी. दुकानदार म्हणतो आरएक्स ६४०० घ्या, केबल लागत नाही. घेऊ का?

कर्नल_कर्वेरोड
अजिबात नको. ६४०० आणि ६५०० एक्सटी दोघांना चारच लेन (बोर्डाशी डेटा नेणारे मार्ग) आहेत. पीसीआयई ४ वर ठीक, तुमच्या ३ च्या बोर्डवर रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की सगळी वाहतूक त्याच रस्त्याने, संध्याकाळचा तुमचा हिंजवडीचा चौक समजा. वर दोन्हींमध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही, ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की लोड सगळा सीपीयूवर. ६६०० ला आठ लेन आहेत, तुमच्या बोर्डवर फार फरक पडणार नाही. पण एसएमपीएस आधी बदला. आणि मोलेक्सवरून (एसएमपीएसची जुनी ४ पिनांची केबल) ८ पिनांचं जे कन्व्हर्टर मिळतं ते कृपा करून लावू नका, त्या वायरी तापतात.

रेंडरवाली
म्हणजे कार्ड अधिक एसएमपीएस. झालं का बजेट पार? ३०५० ६ जीबी त्यांच्या आहे त्याच एसएमपीएसवर चालेल हे सांगायला मात्र जीभ रेटत नाही.

एव्ही१_भक्त
कोणी इंटेलच्या आर्क ए३८० चं नावच घेत नाहीये. ६ जीबी, ७५ वॅट, आणि एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोड आहे, जे ६६०० मध्येही नाही आणि ३०५० मध्येही नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, कर्नल ६.२ पासून वेगळं काही चालू करावं लागत नाही. जेलीफिन (घरचे व्हिडिओ पुरवणारा) सर्व्हर चालवणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये.

जुनाबाजार_रविवार
पण त्याला रीसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) लागतो ना, शटल साहेबांचं बोर्ड नवव्या जनरेशनचं आहे. बायोस अपडेटमध्ये आलाय का ते आधी तपासा, नसेल तर आर्कचा परफॉर्मन्स चांगलाच पडतो.

रेंडरवाली
आणि रेडिऑनवर "काही करावं लागत नाही" हे पण जरा आवरा. फेडोराने २०२२ पासून मेसातून एच२६४ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटचं हार्डवेअर डिकोडिंग काढलंय, आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून वेगळं पॅकेज घालावं लागतं. नवा माणूस तसला व्हिडिओ लावतो, सीपीयू तापतो, आणि कळत नाही का. तसंच खोक्यावर एचडीएमआय २.१ लिहिलेलं असतं पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने (हे मानक ठरवणारी संस्था) एएमडीला खुल्या ड्रायव्हरमध्ये ते घालायला नकार दिला, त्यामुळे टीव्हीवर ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत मागाल तर बसा.

कर्नल_कर्वेरोड
फेडोराचं मान्य, एक कमांड आहे ती. एचडीएमआयचं पाप एएमडीच्या माथी कशाला? त्यांनी कोड लिहून दिला होता, परवानगी फोरमने नाकारली. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट लावा, विषय संपला.

हिंजवडी_शटल
तूर्तास ठरवतोय की आधी चांगला एसएमपीएस, पुढच्या पगाराला ६६००. पुण्यात बिलासकट, वॉरंटी कार्डासकट कुठे मिळेल? मागच्या वेळी एका दुकानाने कच्च्या बिलावर रॅम दिली आणि बदलून द्यायच्या वेळी ओळखच दाखवली नाही.

जुनाबाजार_रविवार
दुकान कुठलंही असो, पक्कं बिल घ्या, १८ टक्के जीएसटी धरूनच भाव विचारा आणि कार्डाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. "बिलाशिवाय दोन हजार कमी" म्हणाला की निघा. आणि गुरुवारी जाऊ नका, पुण्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट घालवतात, लाईट नसली तर लावून दाखवायला मशीनच चालू होणार नाही.

रेंडरवाली
शटल, उद्या ब्लेंडर शिकावंसं वाटलं तर मला विचारायला येऊ नका.