वेट फ्लाय बुडतच नाही! मदत हवी आहे (अर्जंट)

पांझराकाठ: दिवाळी उरकली, पाहुणे गेले, शनिवारी ट्राउट मासे धरायला जायची गाडी आहे आणि डबीत एकही धड माशी (गळावर दोरा-पीस बांधून केलेली नकली माशी) नाही. पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधतोय, म्हणजे तित्तराच्या पिसाची, नारिंगी दोऱ्याची वेट फ्लाय, पाण्याखाली बुडणारी. आठ झाल्या. बादलीत टाकली की बुचासारखी वर. काय चुकतंय? पटकन सांगा.

केळीबाग: चाललात कुठे पण? तापीत ट्राउट नसतो भो.

पांझराकाठ: तीर्थन नदी, हिमाचल. ते सोडा, माशीचं बोला.

भुसावळकर: एवढ्या लांब कशाला? हतनूर धरणाच्या फुगवट्याला या. गळाला बेडकी लावा, मरळ हमखास.

पांझराकाठ: मरळ कोणी विचारली?

गळकरी: गळ कोणता, पीस कशाचं, दोरा कोणता, पिसाचे वेढे किती? हे न सांगता काय चुकलं ते कसं कळणार?

पांझराकाठ: गळ 14 नंबर. पीस चिकनवाल्याकडून आणलेलं, गावठी कोंबड्याच्या मानेचं. दोरा शिवणाचा, नारिंगी. वेढे सहा-सात, जरा भरगच्च दिसावी म्हणून.

गळकरी: सहा-सात! ही माशी नव्हे, बाटली घासायचा ब्रश झाला. कोंबड्याचं मानेचं पीस ताठ असतं, ते ड्राय फ्लायला लावतात, तरंगावी म्हणूनच. तुम्हाला कोंबडीचं मऊ पीस हवं. फार तर दोन वेढे, तंतू मागे वळलेले. पाण्यात ते हलले पाहिजेत. आणि गळाच्या डोळ्याजवळ (दोरी ओवायच्या भोकाजवळ) जागा सोडा, नाहीतर डोकं बांधताना डोळाच बुजतो.

सातपुडा_७७: पार्ट्रिजच्या नावाखाली कोंबडा? शेतात तित्तर काय कमी आहेत?

केळीबाग: गप बसा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तित्तर येतो. पांझराकाठबरोबर तुम्हीही आत जाल.

सातपुडा_७७: पडलेलं पीस उचला म्हटलं, मारा नाही म्हटलं. असो. माझं ऐका, ब्लॅक पेनेल बांधा. काळं अंग, चांदीची तार, काळ्या कोंबडीचं पीस. मला दुसरी माशी लागतच नाही.

गळकरी: तुम्हाला प्रत्येक चर्चेत ब्लॅक पेनेलच दिसते. तीर्थनच्या नितळ पाण्यात बारीक अंगाची सॉफ्ट हॅकल, म्हणजे मऊ पिसाची माशीच बरी. शिवणाचा दोरा जाड पडतो, रेशमी घ्या.

सातपुडा_७७: नितळ पाण्यात काळी माशी जास्त उठून दिसते, एवढंही कळत नाही?

खापरावरची: ट्राउटला आपला काळा मसाला लावू नका, माशाची चवच मरते. नुसतं मीठ, हळद, लसूण. सोबत कळण्याची भाकरी.

पांझराकाठ: ताई, आधी मासा तर लागू द्या! गळकरी, गळाच्या पाकिटावर 'ड्राय' लिहिलंय. त्यानं काही फरक पडतो?

गळकरी: अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! त्याची तार बारीक, हलकी असते. वेट फ्लायला जाड तारेचा गळ घ्या. तोवर आहे त्यावर अंगाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळा. पिसं साबणाच्या पाण्यात धुवा, तेलकटपणा जाईल. टाकण्याआधी माशी थुंकीत भिजवा. लोक करतात, लाजू नका.

पांझराकाठ: जमलं! कोंबडीचं पीस, दोन वेढे, तार. सरळ तळाशी गेली. गळकरीभाऊ, उपकार झाले.

केळीबाग: परवाना काढला ना? आणि तिथं पोचाल तेव्हा नोव्हेंबर लागलेला असेल. हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते.

पांझराकाठ: काय?? तिकिटं काढली ना राव!

भुसावळकर: हतनूरला कधी येताय मग? बेडक्या मी आणतो.