घरात डास कुठून येतायत? तुमचे अनुभव सांगा

आबोली
काल फ्रिज सरकवला, मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारला तर साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळतायत. उजेड पडल्याबरोबर सगळ्या सुळकन तळाला. अंगावर काटा आला. दोन आठवडे आम्ही साडेपाचला खिडक्या लावतोय, लिक्विड लावतोय, गटाराला शिव्या घालतोय आणि ह्यांचा पाळणा माझ्याच स्वयंपाकघरात हलतोय.

एकदम लालबागची चाळ आठवली. पाणी पहाटे तासभर यायचं म्हणून पिंप भरून ठेवायचंच. आजी दर शनिवारी ते रिकामं करून नारळाच्या शेंडीने आतून खसाखसा घासायची आणि मोरीत उपडं घालायची. आम्ही म्हणायचो, नुसतं ओत ना, घासतेस कशाला. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात, हे मला आत्ता कळलं. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस, म्हणजे आजीचा शनिवार बरोबर होता. तिने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

तुमच्याकडे कुठे सापडले, काय केलंत, लिहा.

मुलुंडकरीण
मनीप्लांट! टीव्हीशेजारची काचेची बाटली. रोज पुसत होते बाहेरून. आता सगळी रोपं मातीत लावलीत.

पल्लवी
माझ्या लेकाला डेंग्यू झाला होता तेव्हाचं सांगते कारण हे सगळ्यांना माहीत असायला हवं. चार दिवस 103 ताप, पाचव्या दिवशी उतरला, आम्ही देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले आत्ताच डोळ्यात तेल घालून बसा, ताप उतरतो तेव्हाच बिघडतं. आणि खरंच रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या, प्लेटलेट 31 हजार. ताबडतोब नेलं म्हणून. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन अजिबात देऊ नका, रक्तस्रावाची भीती असते. आणि तो डास दिवसा चावतो, पायावर पांढरे पट्टे असतात. आम्ही रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत होतो, पोरगं दुपारी हाफपँटवर बाल्कनीत खेळायचं.

मुलुंडकरीण
बाई गं. आता कसा आहे? पपईच्या पानांचा रस दिलास का?

पल्लवी
ठणठणीत. सासूबाईंनी पपईचं आणलं होतं, डॉक्टर म्हणाले त्याच्या भरवशावर राहू नका, सरबत, पेज, पाणी जात राहू दे.

बिल्डिंगचा सेक्रेटरी
गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे चार जण आजारी, सगळे म्हणतात धूर मारायला बोलवा. धुराने उडणारे मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मी आणि वॉचमन गच्चीवर चढलो. टाकीचं झाकण तिरकं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. पालिकेच्या माणसाने वाटीत पाणी घेऊन दाखवलं, पाण्याला लागून आडव्या पडलेल्या त्या मलेरियाच्या अळ्या, गटारातल्या असतात त्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. प्यायचं स्वच्छ पाणी होतं हो ते! झाकण बदललं, पाइपला जाळी बांधली, खालच्या कारंज्यात गप्पी मासे सोडले. ताडपत्रीच्या घड्या आणि लिफ्टचा खड्डा पण बघा मंडळी, तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

वाडीतला
स्वच्छ पाण्याचं मुंबईत जुनंच आहे. आमच्या गिरगावच्या वाडीत मधोमध विहीर होती, आजोबा सांगायचे ती मलेरियापायी बुजवली. बेंटली नावाच्या डॉक्टरने 1911 मध्ये मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, त्यात विहिरींवरच बोट ठेवलं होतं. आजोबांना त्या गोड पाण्याचा लळा लागला होता, शेवटपर्यंत हळहळायचे.

सुमेध
मलेरियावरून. मला व्हायवॅक्स जातीचा मलेरिया झाला, तीन दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून पुढच्या 14 दिवसांच्या घेतल्याच नाहीत. दोन महिन्यांनी लोकलमध्ये विरारच्या गर्दीत हुडहुडी भरली, दात वाजत होते. तो जंतू यकृतात दबा धरून बसतो. रक्त तपासून दिलेला कोर्स पूर्ण करा रे, हात जोडून सांगतो. (फोनवरून टाइप करतोय, दादर आलं)

कुसुमताई
आबोली, लालबागला कुठे होतात? आम्ही मसाला गल्लीच्या मागे. मे महिन्यात मिरची कांडायला लागले की वर्गात सगळ्यांना शिंका.

आबोली
अहो ताई, आम्ही तिथूनच दोन चाळी सोडून! आईचा मसाला अजून तिथलाच येतो.

कुसुमताई
यंदा जाशील तेव्हा माझा पण दोन किलो सांग. बेडगी जास्त, लवंगी कमी.