काळप्रवासी परग्रहावर पोहोचतात, पण नगराचे प्रकरण काही केल्या उभे राहत नाही

जांभ्याचा सडा (राजापूर):

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक विज्ञान कादंबरी लिहीत आहे. राजापूर तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पांची (खडकात कोरलेल्या प्राचीन चित्रांची) मोजमापे घेणारे तिघे जण अपघाताने काळात फेकले जातात आणि त्यांचे डोळे उघडतात ते आपल्यापेक्षा कितीतरी पुढारलेल्या परग्रहवासीयांच्या नगरात, असे तिचे सूत्र आहे. कातळशिल्पे मी मुद्दाम निवडली. कशेळीच्या सड्यावरचा सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती ज्यांनी कोरला, त्यांची भाषा कोणती, त्यांचे देव कोणते आणि एवढा खटाटोप त्यांनी कशासाठी केला, हे आपल्याला सांगता येत नाही. आपल्याच मातीतली माणसेसुद्धा काळाच्या अंतराने परकी होतात, हे मला पहिल्या पानापासून सुचवायचे होते.

अडचणी दोन आहेत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने धावते. तेव्हा काळात उडी मारणारा माणूस जागच्या जागी राहतो, पृथ्वी त्याच्या पायाखालून निघून जाते आणि तेथे दुसरा ग्रह येतो, असे मी लिहिले आहे. हे पटण्यासारखे आहे का? दुसरी अडचण अधिक जिव्हारी लागणारी आहे. नगराचे प्रकरण मी पाच वेळा लिहिले आणि पाचही वेळा त्यात तरंगत्या इमारती आणि बोलणाऱ्या भिंती आल्या. घरी वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "हे तर विमानतळासारखं वाटतंय."

खाडीपलीकडचा (दाभोळ):

पहिल्या अडचणीपुरते बोलतो, कारण मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आहे. "जागच्या जागी" म्हणजे कोणाच्या दृष्टीने? आमच्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर उभे राहून नाणे वर उडवा. बोट पुढे सरकत असली तरी ते तुमच्याच तळहातावर पडते, मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर पडत नाही. सूर्यही आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने फिरतो आहे. मग तुमचा नायक सूर्याच्या हिशेबाने स्थिर राहणार की आकाशगंगेच्या? विश्वात कोठेही खुंटी मारून ठेवलेली नाही, आणि नेमका ग्रह नेमक्या क्षणी पायाखाली येणे हा तर योगायोगाचा अतिरेक झाला.

माझे ऐकाल तर अपघात काढून टाका आणि प्रवास ठेवा. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो. 1971 मध्ये प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवलेल्या अणुघड्याळांनी तो फरक दाखवूनही दिला. ट्रॅपिस्ट-1 हा तारा सुमारे 40 प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याभोवती सात ग्रह असल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले. प्रकाशाच्या 99 टक्के वेगाने तेथे जाऊन परत यायला राजापुरात जवळजवळ 81 वर्षे जातील, तर यानातल्यांची जेमतेम साडेअकरा. दूरचा ग्रह आणि काळप्रवास या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून मिळतात. मात्र या वाटेने भूतकाळात येता येत नाही, ही किंमत तुमच्या पात्रांनी मोजली पाहिजे.

हर्णैची लेक:

सरांचा हिशेब मला तपासता येणार नाही, पण नगराविषयी सांगते. माझे वडील मासेमारी करीत. भरतीची वेळ ते घड्याळ न पाहता सांगत. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता पाणी पुरते भरते. आमच्या बंदरावर दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आज अवतरला, तर तो मोबाइल पाहून थक्क होईल असे तुम्हाला वाटते का? मोबाइल त्याला चुन्याची डबी वाटेल. तो गोंधळेल तो शिडे कोठे गेली म्हणून, आणि वारा कुठला आहे हे कोणीच कोणाला विचारत नाही म्हणून. पाहुण्याच्या नजरेला नवी वस्तू उशिरा सापडते. ओळखीची वस्तू जागेवर नाही, हे मात्र त्याला लगेच खुपते. तुमच्या तिघांपैकी एकाला कोळ्याच्या घरचा करा आणि त्या ग्रहाच्या किनाऱ्यावर त्याला पहिला प्रश्न विचारू द्या, की आज तिथी कोणती.

खाडीपलीकडचा (दाभोळ):

ताई, हे फार चांगले सुचवलेत, आणि योगायोगाने ते शास्त्रालाही धरून आहे. ट्रॅपिस्टचे ग्रह आपल्या ताऱ्याच्या इतके निकट आहेत, की त्यांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर तेथे सूर्य मावळत नाही, तिथी नाही, आणि ताऱ्याच्या ओढीने समुद्राला आलेला फुगवटा एकाच ठिकाणी उभा राहतो. फक्त एक शंका राहते. भरती मुळातच नसेल, तर तिच्या अभावातून त्या समाजाची प्रगती कशी दिसणार?

कीर्तनाचा श्रोता (मालवण):

तिचे उत्तर पोथीत सापडेल. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा रेवतीला घेऊन, तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तेथे गंधर्वांचे गाणे चालू असते, म्हणून तो क्षणभर थांबतो. गाणे संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतात, की तू मनात धरलेले सगळे वर केव्हाच गेले, सत्तावीस चतुर्युगे उलटली. परतल्यावर माणसे इतकी खुजी झालेली, की बलरामाला नांगराच्या टोकाने रेवतीची उंची कमी करावी लागली, असे विष्णुपुराण सांगते.

यात मला कायम नवल वाटत आले ते असे, की ही कथा सांगणाऱ्याने ब्रह्मलोकाच्या इमारतींचे वर्णन करण्यात शब्द खर्च केलेले नाहीत. गाणे चालू आहे, पाहुण्याला थांबावे लागते, आणि तेथला "क्षण" आपल्याला परवडणारा नाही, एवढ्यावर सगळा पसारा उभा राहतो. आपल्या यजमानांना घाई नाही, कारण त्यांच्या जगात वेळ टळून जाण्यासारखी गोष्टच घडत नाही. भरती साधायची घाई फक्त पाहुण्यांना आहे.

जांभ्याचा सडा (राजापूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाचवा खर्डा बाजूला ठेवला आणि रात्री नव्याने लिहायला बसलो. तिघे किनाऱ्यावर उतरतात. यजमानांचे गाणे चालू असल्यामुळे त्यांना थांबवून ठेवले आहे. तिघांपैकी जो हर्णैचा आहे, तो पाण्याच्या काठाला वाळूत टाचेने रेघ ओढतो आणि पाणी कुठवर चढते ते पाहत बसतो. दिवस मावळत नाही, म्हणून ते झोपा मोजतात. तीन झोपा झाल्या तरी रेघ जशीच्या तशी आहे आणि गाणेही संपलेले नाही. इथवर आलो आहे. घरी अजून वाचून दाखवलेले नाही.