सांगलीतला पालक-गट थेरपी सेंटरच्या छपराखाली नकोच

कृष्णाकाठ
मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता). विश्रामबागेतल्या एका थेरपी सेंटरला ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांचा सराव) आणि स्पीच (बोलण्याची थेरपी) चालू आहे. नुकताच त्या सेंटरनेच 'पालक सपोर्ट ग्रुप' काढला. पहिल्या बैठकीत बराच वेळ मॅडम बोलल्या, मग 'कुणाला काही विचारायचंय का?' झालं, मग चहा. एकीनेही तोंड उघडलं नाही. उघडणार कशी? फी झेपत नाही, सेशनहून आल्यावर पोरगं तासभर रडतं, दुसऱ्या सेंटरची चौकशी करून ठेवलीय, नवरा म्हणतो बंद कर हे सगळं... ज्यांच्या हाती मूल सोपवायचं त्यांच्यासमोरच हे बोलायचं?

त्याच आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो की बोलणं थांबत नाही. नखं झोपेत कापायची. शर्टाचं लेबल कात्रीने कापायचं नाही, उरलेली कड जास्त टोचते. ब्लेडने टाके उसवून पूर्ण काढायचं. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या कार्डासाठी सिव्हिलला तपासणी बोर्डाच्या दिवशी एकाने रांग धरायची, दुसऱ्याने मुलाला आवारात फिरवायचं, नंबर जवळ आला की फोन करायचा. हे मला कुठल्याही रिपोर्टात मिळालं नाही, कुपवाडच्या एका आईने सांगितलं.

म्हणून माझं मत: गट पालकांचा, पालकांनीच चालवायचा. तज्ज्ञांनी बोलावलं तर यावं, पाहुणे म्हणून. मुंबईची स्पास्टिक्स सोसायटी 1972 साली मिठू अलूर यांनी काढली, त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) होती. दिल्लीची 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' 1991 ची, तीही मेरी बरुआ या आईने उभी केलेली. पालकांना काय जमतं हे कुणी आम्हाला शिकवू नये.

मिरज_थेरपिस्ट
मी ओटी देणारी थेरपिस्ट आहे, पालक नाही, हे आधीच सांगते. ताई, नखांचा आणि लेबलाचा सल्ला उत्तमच. पण बाकावर तेवढंच बोललं जातं का? माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं गहू आणि दूध दोन्ही आईने बंद केलं होतं, कारण 'ग्रुपमधल्या एकीच्या मुलाला फरक पडला'. वजन उतरलं तेव्हा मला कळलं. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचं तर विचारूच नका. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताचे काही आजार वगळता हा उपचार प्रस्थापित मानलेला नाही, तरी लोक शेत गहाण टाकायला तयार. या गोष्टी आईकडून आईकडे पोचतात, आणि आईने सांगितलं म्हणून त्यावर विश्वास बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक कार्यक्रम आहे, 2 ते 9 वयाच्या मुलांच्या घरच्यांसाठी. 9 गटसत्रं, 3 गृहभेटी. तो चालवणारा डॉक्टरच हवा असं नाही, पण शिकवून तयार केलेला हवा. मला तेवढंच म्हणायचंय.

कृष्णाकाठ
स्टेम सेलचं पत्रक मला बाकावर नाही, एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये मिळालं होतं. टेबलावर, मासिकांच्या शेजारी.

जतकर
तुमचं दोघींचं भांडण सांगली-मिरजेचं झालं. आमच्याकडं ना सेंटर ना बाक. सांगलीला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून पोराला एसटीत बसवायचं, आणि हॉर्न वाजला की त्यानं कानावर हात ठेवून सीटखाली जायचं. मग सगळी एसटी आमच्याकडं बघणार.

गट कोण चालवणार ते नंतर बघू, आधी माणसं गोळा कशी करणार ते सांगा. आमच्या वाडीत अशी आणखी एक मुलगी आहे. घरचे म्हणतात तसं काही नाही, उशिरा बोलेल. थोरलीचं लग्न ठरायचंय, म्हणून दार बंद. त्यांना मीटिंगला बोलवलं तर माझ्याशीच बोलणं तोडतील.

एक सुचतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं मुलं तपासणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शाळेत एकदा. 2013 पासून चालू आहे. कुठल्या घरात कसलं मूल आहे ते त्यांना आणि अंगणवाडी ताईंना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी नावं आपल्याला द्यायची नाहीत, ते चुकीचं होईल. आपला नंबर त्या घरात द्यायचा. फोन करायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

हरिपूर_आई
जतकर, हे पटलं. मूळ धाग्याशी मात्र माझं जमत नाही.

मी पालकांनीच चालवलेल्या गटात जाऊन आले आहे. माझ्या मुलीला सीपी आहे, व्हीलचेअरवर असते. बाकी बहुतेक सगळे ऑटिझमवाले. एक जण सांगत होते, पोरगं गेट उघडलं की पळत सुटतं, जीव नकोसा झालाय. खरंच असेल. पण माझी लेक पळाली असती तर मी गल्लीत पेढे वाटले असते. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही, पुढच्या वेळी गेलेही नाही. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून 'आपण सारे एक' म्हटलं की झालं, असं थोडंच आहे? तिथे कुणी जाणतं माणूस असतं तर निदान माझ्याकडे वळून दोन शब्द तरी बोललं असतं.

तासगावचे आजोबा
नातीचं मीच बघतो, सून नोकरी करते. स्पष्ट लिहितो. चारचौघांत रडून मन हलकं होत असेल, पण त्याने काम होत नाही. कागद करा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. किती जणांनी काढलाय? मूल अठरा पुरं झालं की आईबाप असले तरी कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. मी गेल्यावर काय, हा प्रश्न माझ्यापुढे तुमच्याहून लवकर येणार आहे. चहा-बिस्किटांचे गट तुम्ही चालवा.

कृष्णाकाठ
आजोबा, समितीचं तुम्हाला कुणी सांगितलं?

तासगावचे आजोबा
सिव्हिलच्या रांगेत एक बाई भेटल्या. त्यांचा मुलगा पंचविशीचा आहे. पुढची कागदपत्रंही त्यांनीच फोनवर लिहून दिली.

जतकर
मग आजोबा, तो गटच की!

तासगावचे आजोबा
दोन माणसांचा गट होत नसतो.

हरिपूर_आई
पण मला तेच हवंय! अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ओमाहा गाव आहे, तिथे 1971 साली डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईने हेच सुरू केलं. 'पायलट पेरंट्स'. नव्या पालकाची जोडी एका जुन्या पालकाशी लावायची, मुलाची अडचण शक्यतो तशीच असलेल्या. जुन्या पालकाला आधी शिकवायचं: ऐकायचं कसं, काय सांगायचं, काय सांगायचं नाही. सभा नाही, भाषण नाही.

थेरपिस्ट मॅडम, तुमचं प्रशिक्षण त्यात आलं. कृष्णाकाठ, तुमचं पालकांचं राज्यही आलं.

मिरज_थेरपिस्ट
जोड्यांना माझी हरकत नाही. शिकवायला रविवारी दुपारी मी येईन, पैसे नकोत. पण गोळी बंद करायला सांगणारा जुना पालक निघाला तर त्याला जोडीतून काढणार कोण? पालकच? जो रोज शेजारी बसतो त्याला 'उद्यापासून तू नको' म्हणायचं धाडस मी अजून कुणात पाहिलं नाही.

कृष्णाकाठ
आम्ही काढू. तसं लिहून घेऊ आधीच. सेंटर मात्र मध्ये नको, त्यांची जागासुद्धा नको. शाळेचा वर्ग मिळतो का बघते.

मिरज_थेरपिस्ट
लिहून घेतल्याने होत नाही ताई. पण बघा करून.

जतकर
वर्ग तुमच्याकडं ठेवा, मला फोनवाला धरा. पोरगा सहाचा, बोलत नाही, पण आवाज लई सहन होत नाही त्याला. तसल्याच पोराचा बाप असला तर बरं. बाई असल्या तर घरून बायको बोलेल, तिला आधी विचारतो.

तासगावचे आजोबा
जतकर, 'निरामय'चा फॉर्म भरलाय का?

जतकर
नाही.

तासगावचे आजोबा
मग आधी मला फोन करा.