नाओमी उएमुरा: एकट्याने जाणारा हा माणूस अविचारी होता का?

हर्णैची_आई

नमस्कार मंडळी. माझी लेक बारावीला आहे, दापोलीला कॉलेजला जाते. दिवाळीच्या सुट्टीत तिने नाओमी उएमुरा या जपानी गिर्यारोहकाबद्दल वाचलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. 1970 मध्ये एव्हरेस्टवर पोचलेला पहिला जपानी, पाच खंडांतली सर्वोच्च शिखरं गाठणारा जगातला पहिला माणूस, 1978 मध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून एकटा उत्तर ध्रुवावर. आणि 1984 मध्ये अलास्कातल्या डेनाली शिखरावर गेला तो परतलाच नाही. आम्ही बांगड्याचं तिखलं खात असतो आणि ही आम्हाला सीलचं कच्चं मांस कसं खातात ते सांगते.

परीक्षा झाली की तिला उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जायचंय. तिच्या बाबांची बोट आहे. उधाणाला घाबरणारा माणूस नव्हे तो. पण त्यांचं म्हणणं असं: "आम्ही कधी एकटे जातो का बोट घेऊन? तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या असतो, खलाशी असतात, वायरलेसवर आजूबाजूच्या बोटी असतात. एकटा गेला तो गेलाच. त्याचा फोटो भिंतीवर कशाला लावायचा?" फोटो लेकीने अभ्यासाच्या टेबलासमोर लावलाय, त्यावरून हे सुरू झालं.

मला तिचं मन मोडायचं नाही, पण तिच्या बाबांचं बोलणंही मला खोटं वाटत नाही. कोणाला या माणसाची नीट माहिती असेल तर सांगा. खरंच अविचारी होता का?

सड्यावरचा

ताई, कोर्सला बिनधास्त पाठवा, तो विषय वेगळा आहे. तिथे एकटं जायला शिकवत नाहीत. दोरावर चौघांनी कसं चालायचं, पुढचा पडला तर मागच्यांनी कसं धरायचं, हेच शिकवतात. उएमुराबद्दल चीफकाका सांगतील, त्यांनी बरंच वाचलंय.

गुहागरचा_चीफ

वाचलंय खरं. नोकरी जहाजावरची, इंजिनरूममधली. जपानी बंदरांत जाणं व्हायचं, तिथे या माणसाचं नाव लहानथोरांना माहीत. तेव्हापासून जे मिळेल ते वाचत आलो. ताई, लांबण लागेल, पण तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा.

1941 चा जन्म, ह्योगो प्रांतातल्या शेतकरी घरातला. टोकियोत मेइजी विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबात गेला. अंगाने लहानखुरा, स्वभावाने बुजरा. 1964 मध्ये शिक्षण संपवून खिशात फारसं काही नसताना बोटीने अमेरिकेला गेला, कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या मळ्यात मजुरी केली. कामाचा परवाना नव्हता म्हणून पकडला गेला. तिथून फ्रान्स, आल्प्समधल्या मॉर्झीनला स्कीच्या जागी नोकरी. त्या पैशावर माँ ब्लाँ, किलिमांजारो, अकोन्काग्वा ही शिखरं चढला, आणि मधेच तराफ्यावरून अ‍ॅमेझॉन नदी उतरला. पाठीमागे ना पैसेवाला बाप, ना कंपनी.

आता एकटेपणाचं. एव्हरेस्टला तो मोठ्या जपानी मोहिमेतूनच गेला होता, माथ्यावर तेरुओ मात्सुउरा त्याच्यासोबत होता. 1971 मध्ये तो आंतरराष्ट्रीय एव्हरेस्ट मोहिमेत होता. आपले मेजर हर्षवर्धन बहुगुणा वादळात गेले, तीच ही मोहीम. नाना देशांचे नामांकित लोक एकत्र आले आणि पुढे कोणी जायचं यावरून भांडले. उएमुरा मात्र मुकाट्याने ओझी वाहत राहिला. एकट्याची ओढ त्याला आधीपासून होती, त्यानंतर ती पक्की झाली असं माझं मत.

पण एकटं जायचं म्हणजे निघाला उठून, असं त्याने केलं नाही. माझ्या दृष्टीने सगळं मर्म इथे आहे. अंटार्क्टिका पार करायचं त्याच्या मनात होतं, अंतर सुमारे 3000 किलोमीटर. ते अंतर पायाला कळावं म्हणून 1971 मध्ये तो जपानच्या उत्तर टोकापासून कागोशिमापर्यंत चालत गेला, 52 दिवसांत. मग 1972 मध्ये ग्रीनलंडच्या वायव्येला सिओरापालुक या अगदी उत्तरेकडच्या वस्तीत राहायला गेला. तिथल्या एका वयस्क इनुइट जोडप्याने त्याला मुलासारखं ठेवून घेतलं. पहिल्यांदा पुढ्यात आलं ते कच्चं मांस. ते तो खायला शिकला. चाबूक चालवायला शिकला, कुत्र्यांना जुंपायला, बर्फाला भोक पाडून मासे धरायला, सील मारायला. यात जवळपास वर्ष घालवलं. एव्हरेस्ट चढून आलेला माणूस त्या गावात पोरांच्या रांगेत बसून शिकत होता! तुमच्या यजमानांना विचारा, नवा खलाशी पहिल्याच मोसमात सुकाणू मागतो का? आधी जाळी ओढतो, मासळी निवडतो, तांडेल पाण्याचा रंग कसा बघतो ते बघतो.

त्यानंतर 1974 ते 1976 ग्रीनलंडहून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या स्लेजवर 12,000 किलोमीटर. आणि मग 1978 चा उत्तर ध्रुव. निघाल्यावर चौथ्याच दिवशी ध्रुवीय अस्वल तंबूवर आलं. हा झोपायच्या पिशवीत निपचित पडून राहिला. अस्वलाने तंबू फाडला, खाणं फस्त केलं, पिशवीतल्या माणसाला नाकाने ढोसलं आणि निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं तेव्हा हा बंदूक घेऊन तयार होता. पुढे एकदा रात्री मुक्कामाचा बर्फच फुटला आणि कुत्र्यांसकट हा एका तुकड्यावर अडकला. सकाळी मीटरभर रुंदीची बर्फाची पट्टी सापडली, तिच्यावरून स्लेज पळवली. ही सगळी वाट गोठलेल्या समुद्रावरची, पायाखाली जमीन नाहीच.

आणि हे यजमानांना मुद्दाम सांगा: या प्रवासात विमानाने त्याला रसद पोचत होती, रेडिओ होता. स्लेजवर एकटा, पण मागे माणसं होती, आणि ती होती हे त्याने कधी लपवलं नाही. दमून सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा मदत करणाऱ्यांना तोंड कसं दाखवू, या विचाराने पुढे गेलो असं त्यानेच लिहून ठेवलंय.

मागे फिरायलाही तो कमी करत नसे. 1980-81 च्या हिवाळी एव्हरेस्ट मोहिमेचा तो नेता होता. एक सहकारी दगावला, हवामान फिरलं, मोहीम थांबवली. 1982 मध्ये अंटार्क्टिकाला अर्जेंटिनाच्या तळावर तयारीनिशी बसला होता, तर ब्रिटनशी फॉकलंडचं युद्ध झालं आणि अर्जेंटिनाच्या सैन्याने मदत काढून घेतली. कित्येक महिने वाट पाहून परत आला. आयुष्यभराचं स्वप्न तिथेच राहिलं. (त्याच सुमाराला, जानेवारी 1982 मध्ये, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम तिथे उतरली. तिचं जहाज निघालं होतं गोव्याहून. लेकीला हेही सांगा, ध्रुव आपल्या किनाऱ्याला इतका परका नाही.)

अविचारी? मी तरी नाही म्हणेन. निदान शेवटच्या मोहिमेपर्यंत नाही.

हर्णैची_आई

चीफकाका, मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लेक दारात उभी राहून ऐकत होती, मधे मधे तारखा दुरुस्त करायला बघत होती, पण सापडली नाही एकही! सिओरापालुकचं ऐकून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शिकला होता तो." त्यांच्या तोंडून हे फार आहे.

पण लगेच दुसरा प्रश्न आला. लेकीने त्यांना सांगितलंय की शेवटच्या वेळी तो कळक बांधून चालत होता. हे काय प्रकरण? आणि तुम्ही शेवटच्या मोहिमेचं अर्ध्यावर सोडलंत, तेही सांगा.

गुहागरचा_चीफ

बरोबर सांगितलंय तिने. डेनालीच्या हिमनदीत खोल भेगा असतात आणि वर ताज्या बर्फाचं झाकण. दोरावर चौघं असतील तर एक आत गेला तरी तिघं धरतात. एकट्याला कोण धरणार? म्हणून तो लांब बांबू अंगाला आडवे बांधून चालायचा. पाय आत गेला की बांबू भेगेच्या दोन्ही काठांवर टेकतात, त्यांना धरून वर यायचं.

1970 च्या उन्हाळ्यात तो डेनालीवर एकट्याने चढला होता, असा तो पहिलाच. 1984 मध्ये तेच हिवाळ्यात करायला गेला. वजन कमी म्हणून तंबू नाही, बर्फात गुहा खणून झोपायचं. इंधनही मोजकंच, कारण मांस थंडच खायचं. 12 फेब्रुवारीला, त्याच्या 43 व्या वाढदिवशी, माथा गाठला. दुसऱ्या दिवशी विमानाशी रेडिओवर बोलला, उतरतोय म्हणाला. त्यानंतर संपर्क नाही. शोधणाऱ्यांना 4,200 मीटरच्या आसपास एका गुहेत त्याची डायरी मिळाली. मांस गोठून दगड झालेलं, झोपायची पिशवी ओली, उबेत झोपायला मिळावं असं लिहिलेलं, आणि तरी काही झालं तरी चढणारच हेही. तो सापडला नाही.

ही डायरी वाचली की मला त्याचा रागही येतो. घरी किमिको होती, लग्नाला दहा वर्षंही झाली नव्हती. होक्काइदोत मुलांसाठी निसर्गशाळा काढायची होती, त्यासाठी अमेरिकेतल्या तसल्या शाळेत शिकून तिथूनच तो डेनालीला आला होता. ओली पिशवी, संपत आलेलं खाणं, इथे फिरायला हवं होतं. एवढ्या ठिकाणी शहाणपणाने थांबलेला माणूस इथे थांबला नाही.

चिपळूणची_वाट

मी सह्याद्रीत चढाई शिकवते, कोर्सही केलेत. चीफकाकांशी सहमत, एक भर घालते. 1988 मध्ये व्हर्न तेजास या अमेरिकन गिर्यारोहकाने तीच डेनाली हिवाळ्यात एकट्याने चढून सुखरूप उतरून दाखवली. तो भेगांसाठी अंगाला अ‍ॅल्युमिनियमची शिडी अडकवून चालला. कल्पना तीच, उएमुराच्या बांबूची. म्हणजे त्याचं शिकलेलं वाया गेलं नाही.

ताई, लेकीचं कामाचं बोलू. कोर्सला जायच्या आधी दम वाढवायला हवा. किनाऱ्यावर वाळूत पळणं चांगलं, पण चढ हवाच. पाठीवर वजन घेऊन सड्यावर चढउतार करू दे. कोर्सला जागा लवकर भरतात, अर्ज आत्ताच बघा, डॉक्टरांचा दाखलाही लागतो. परीक्षा झाली की आम्ही खेडजवळ रसाळ-सुमार-महिपत करणार आहोत. सुमारगडाची वाट अवघड आहे, तिथे दोर लावून चढवतो. तिला पाठवा, आणि बोटी बंद असतील तर तिच्या बाबांनाही घेऊन या.

हर्णैची_आई

बोटी 1 जूनला बंद होतात, तुमचा ट्रेक त्याच्या आधी असला तर ह्यांना जमणार नाही. मी येते तिच्यासोबत. तारीख ठरली की इथेच कळवा. पाठीवर वजन म्हणून तिने कालपासून दप्तरात तांदळाची पिशवी भरलीय, किती किलोपासून सुरू करायचं तेही सांगा.

चिपळूणची_वाट

पाच किलोपासून. गुडघे दुखले तर लगेच कमी करायचं, आणि उतरताना सावकाश.