मदत हवी आहे: पावसात कटिंग मशीनवर कार्डशीटची जाळी स्वच्छ कापली जात नाही

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळ राहते, घरीच पेपर कटिंग मशीनवर मखराची जाळी, तोरणं, केक टॉपर, रुखवताच्या पाट्या असं कायकाय करून देते. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून माझ्याकडे जास्त ऑर्डरी मखराच्याच येतात. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत म्हणजे हाताशी वेळ तसा आहे, पण अ‍ॅडव्हान्स घेऊन बसलेय आणि मशीन धड कापत नाहीये.

त्रास असा आहे की हीच फाईल, हाच २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कार्डशीट, हीच सेटिंग्ज एप्रिल-मे मध्ये एकदम मस्त चालत होती. पाऊस लागल्यापासून मोठे आकार बरे येतात पण कमळाच्या पाकळ्यांची टोकं आणि त्यांना जोडणारे बारीक पूल पार बिघडतात. कडांना तूस येतं, टोकाशी ब्लेड वळताना कागद कापला न जाता ओढला जातो, कुठे कुठे तर वरचा पापुद्रा सुटतो आणि खालचा तसाच मॅटला, म्हणजे कागद ज्यावर लावतो त्या चिकट पाटीला, चिकटून राहतो. भिंगातून बघितलं तर कडेने पांढरी कुसळं उभी दिसतात. मग नखाने आणि कटरने साफ करत बसायचं, एका पॅनेलमागे अख्खी दुपार जाते.

ब्लेड नवीन टाकून झालं. प्रेशर वाढवून झालं, मॅटवर चरे पडले आणि तूस होतं तिथेच. स्पीड कमी केल्यावर थोडा फरक पडला. दोन पास दिले तर दुसऱ्या पासला कागद केसभर सरकलेला असतो त्यामुळे डबल रेघ येते. जिथून मशीन घेतलं तिथे फोन केला की एकच उत्तर, मॅडम ब्लेड बदला. मशीन १२ इंची मॅटचं आहे, ब्लेडची खोली आकड्यांवर सेट करायची असते. आता नक्की कुठे बघू, ब्लेड, मॅट, कागद की फाईल? कोकणातल्या कोणी पावसात हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, पुण्यातल्या लोकांचे व्हिडिओ बघून उपयोग होत नाही, त्यांच्याकडे मिठाला पाणी सुटत नाही.

प्रतिसाद, कुडाळ

ताई, प्रेशर आधी होतं तिथे आणा. तुमच्या मशीनचं ब्लेड ड्रॅग नाईफ असतं, म्हणजे ते मोटरने वळत नाही, टोक मध्यापासून जरा बाजूला असतं आणि कागदावर ओढलं गेलं की स्वतः फिरतं. ते जास्त खोल रुतलं की वळायला अडतं आणि बरोब्बर टोकावरच कागद फाडतं, तुम्ही लिहिलंय तेच. खोली कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त हवी बस. २५० चा कागद पाव ते ०.३ मिमी जाड असतो, तुमच्या मशीनचा एक आकडा ०.१ मिमीचा असेल तर ३ पासून सुरुवात करा. आणि ब्लेड नवीन असलं तरी होल्डर उघडून बघा, आत कागदाची बारीक गोळी अडकलेली असते, त्याने पण ब्लेड फिरत नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा घट्ट गोळा करून ब्लेडचं टोक त्यात थोडा वेळ खुपसून काढायचं, साफ होतं.

मॅट कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने धुवा, पुसू नका, उभी करून वाळू दे. क्रिकट कंपनीचं मशीन असलेल्यांसाठी सांगतो, पातळ कागदाला निळी मॅट, कार्डशीटला हिरवी.

प्रतिसाद, मालवण

गो बाय, पावसात पापड कुरकुरीत रवणत नाय, थंय कागदाचा काय घेवन बसलंस! एसीच्या खोलीत काप, नायतर दिवाळीनंतर.

प्रतिसाद, रत्नागिरी

वरच्यांनी चेष्टेत लिहिलंय पण मुद्दा तोच आहे. माझं छपाईत बरंच आयुष्य गेलं, जून ते सप्टेंबर आम्ही कागदाशीच भांडत असतो. कागद हवेतली ओल पितो. कागद तपासणाऱ्या लॅबमध्ये २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता ठेवतात, आयएसओ १८७ म्हणून स्टँडर्डच आहे त्याचं, आणि आपल्याकडे श्रावणात खिडकी उघडी ठेवली तर आर्द्रता ९० च्या आसपास असते. ओलीने तंतू फुगतात, मऊ पडतात, मग ब्लेडपुढे ते तुटत नाहीत, वाकतात आणि ओढले जातात. तुमची कुसळं ती हीच. शिवाय कागद ओल पिऊन वाढतो, ग्रेनच्या, म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने असतात तिच्या, आडव्या दिशेला जास्तच. आमच्याकडे पहिला रंग छापून दुसऱ्याला जाईपर्यंत रजिस्टर हलतं, म्हणजे रंग एकमेकांवर बरोबर बसत नाहीत, ते याच्यामुळे. तुमची डबल रेघ मात्र बहुतेक मॅटची पकड गेल्यामुळे असेल.

माझं ऐकायचं तर आणखी काही विकत घेण्याआधी एक करून बघा. एकाच शीटचे दोन तुकडे करा, एक टेबलावर तसाच ठेवा, दुसरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस. मग दोन्ही एकाच मॅटवर शेजारी शेजारी लावून छोटी जाळी कापा. ब्लेड तेच, सेटिंग तेच. फरक दिसला तर दोष कागदाचा, नाही दिसला तर मी गप्प बसतो.

एक लक्षात ठेवा, दुकानातून कागद आधीच दमट आला असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसता बंद करून काही होत नाही, ओल आतच कोंडते. डब्यात जेल हवंच आणि शीट एकावर एक दाबून ठेवायचे नाहीत, गठ्ठ्याच्या फक्त कडा सुकतात. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं पण निळं असेल तर स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्यात कोबाल्ट असतं.

प्रतिसाद, पुन्हा मी, वेंगुर्ला

काका, खूप खूप आभार. केलं बरं का. टेबलावरच्या तुकड्याला नेहमीसारखं तूस आणि डब्यातल्या तुकड्याची कड चक्क मे महिन्यासारखी! घरातल्यांना दोन्ही दाखवले तर त्यांना वाटलं कागदच वेगवेगळे आहेत. खोली ३ वर आणली, प्रेशर जुन्या आकड्यावर, त्यामुळे मॅट पण चरत नाही. आता भावाची लोखंडी ट्रंक घेतलीय, आत दोऱ्या बांधून शीट चिमट्यांनी टांगलेत आणि खाली जेल. कापायला लागेल तसं एकेक काढते, कारण बाहेर राहिला की थोड्या वेळाने परत लूज पडतोच, दार उघडं असेल तर लवकरच. एसी नाहीये आमच्याकडे आणि जाळीसाठी घेणार पण नाही.

पण पाकळीचं टोक अजून थोडं बोथट येतंय, गोल झाल्यासारखं. आणि त्या वळणावर मशीन टकटकटक असा आवाज करत अडखळतं. हे पण ओलीमुळेच का?

प्रतिसाद, कुडाळ

नाही, ही फाईलची भानगड. जाळी फोटोवरून ट्रेस केलीय ना? ऑटो ट्रेसमध्ये एकेका वळणावर पन्नास पन्नास नोड, म्हणजे रेघ जोडणारे ठिपके, पडतात आणि ब्लेड प्रत्येकाशी अडखळतं, आवाज त्याचाच. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ मेनूत सिम्प्लिफाय आहे, ते करा, पण जपून, जास्त वेळा मारलं की टोकंच गोल होतात. टोकावर एकच कॉर्नर नोड हाताने ठेवा. मशीन सिल्हूट कंपनीचं असेल तर लाईन सेगमेंट ओव्हरकट चालू करा, कोपऱ्यावर ब्लेड रेघेच्या किंचित पुढे जाऊन वळतं, टोक धारदार येतं. आतली भोकं आधी आणि बाहेरची रेघ शेवटी असा क्रम पण लावा. बाहेरचं आधी कापलं की कागद सुटा होऊन हलतो.

प्रतिसाद, रत्नागिरी

आणि काढताना कागद ओढू नका. मॅट उलटी करून कागद टेबलावर दाबून धरा आणि मॅट वाकवत वाकवत सोलून घ्या, पूल तुटत नाहीत, जाळी वळत पण नाही. शक्य असेल तर लांब पट्ट्या ग्रेनच्या दिशेने ठेवून फाईल लावा. ग्रेन ओळखायचा तर शीट दोन्हीकडून हलकं दुमडून बघा, ज्या दिशेला सहज वाकेल ती घडी ग्रेनला समांतर.

प्रतिसाद, पुन्हा मी, वेंगुर्ला

नोड बघितले आणि डोळे फिरले, एका कमळात मुंग्या लागल्यासारखे ठिपके. साफ करतेय, एक पाकळी झाली, टोक मस्त आलं. बाकीची कमळं हीच कॉपी करून फिरवून लावते. अजून एक, तयार जाळी माटवीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो त्या चौकटीच्या) मागे लावल्यावर पाच दिवस दमट हवेत लोंबेल की काय? स्प्रे लॅकर कोणी मारलंय का कार्डशीटवर?

प्रतिसाद, कुडाळ

मारलंय. दोन्ही बाजूंनी पातळ हात द्या, एकाच बाजूला दिलं तर वळतं. मागून फोम बोर्डची पट्टी लावा म्हणजे लोंबायचा प्रश्न नाही. आणि स्प्रे पडवीत मारा, घरात नको, वास जात नाही.