कच्च्या धावपट्टीवर छोटे विमान कसे उतरवतात?

प्रश्न : सोलापूरचा माझा भाचा ऑस्ट्रेलियात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. १९२८ मध्ये जेथून फ्लाइंग डॉक्टर सेवा (दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणारी) सुरू झाली, त्या क्लोनकरीसारख्या ओसाड भागातील मातीच्या पट्टीवर सेसना हे छोटे विमान कसे उतरवतात?

उत्तर १ : आधी पट्टीवरून कमी उंचीवर एक फेरी मारून कांगारू, गुरे, खड्डे आणि पावसाने मऊ झालेली माती पाहतात, मग मुख्य चाके हलकेच टेकवून पुढचे चाक शक्य तितका वेळ वर धरतात, म्हणजे ते रुतत नाही.

उत्तर २ : आपल्या मे महिन्यासारखी हवा तापली की ती विरळ होते आणि विमानाला उचल कमी मिळते, त्यामुळे उतरणे जमले तरी पुन्हा उड्डाणाला पट्टी अपुरी पडू शकते. हे गणित आधीच करावे, दादा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सोलापुरात होटगी रस्त्यावरची डांबरी धावपट्टी पाहणाऱ्या मला कांगारू सुचलेच नव्हते.